झाकलेलं ताट

रमजानच्या महिन्यात बाईला दुपारी जेवायचं असलं, तर आधी भांड्यांना गप्प करावं लागतं. चमचा वाटीला लागला नाही पाहिजे, भाकरीचा पापुद्रा मोडताना आवाज नको, आणि पाणी तर असं प्यायचं की घशालाही कळू नये. तरन्नुमला ही विद्या येऊन बरीच वर्षं झाली होती. कळमनुरीत नांदेड रस्त्यावर तिच्या नवऱ्याचं, नासेरचं, गाद्यांचं दुकान. पुढं दुकान, मागं घर, मधे एक पडदा. पडद्यापलीकडं कापूस पिंजायचं यंत्र घरघरत असे तोवर ठीक. वीज गेली आणि यंत्र थांबलं, की आत टाचणी पडली तरी गिऱ्हाइकाला ऐकू जाई.

आता कुणी म्हणेल, एवढं लपवायचं काय त्यात? बाईची पाळी आली की नमाज नाही, रोजा नाही. ठेवायचाच नाही, ठेवला तरी तो धरला जात नाही. ते दिवस सरले की राहिलेले रोजे पुढं वर्षभरात सवडीनं भरून काढायचे, त्याला कजा म्हणतात. अल्लानं स्वतः दिलेली ही सुट्टी. पण अल्ला जे उघड सांगतो, ते घराघरातल्या बायका पदराआड सांगतात. त्या दिवसांतही बाई पहाटे सगळ्यांबरोबर सहरीला, रोज्याआधीच्या जेवणाला, उठते, संध्याकाळी सगळ्यांबरोबर दस्तरखानावर बसून अजानची वाट बघते आणि खजूर तोंडात टाकते, जणू तीही दिवसभर तहानलेली होती. पुरुषांना माहीत असतं. पुरुषांना माहीत आहे हे बायकांनाही माहीत असतं. तरी मांजर डोळे मिटून दूध पितं ते पितंच.

तरन्नुम या घरात आली तेव्हाचा तिचा पहिला रमजान. सासरे तेव्हा हयात होते, दुपारी पडवीतच आडवे होत. तिची पाळी आली आणि लाजेनं तिनं कुणाला काही सांगितलं नाही. नमाजाच्या वेळी न्हाणीत जाऊन बसायची, आणि पोटात अन्नाचा कण नाही. कंबर मोडून आलेली, डोळ्यांपुढं अंधारी. दुसऱ्या दिवशी सासूनं, मदीनाबीनं, तिचा हात धरला आणि तिला स्वयंपाकघरामागच्या खोलीत नेलं. त्या खोलीत कापसाची पोती, गाद्यांच्या जुन्या खोळी, आणि मागच्या अंगणात उघडणारं एक दार. एका पोत्यावर ताट ठेवलेलं आणि त्यावर दुसरं ताट झाकलेलं. झाकण काढलं तर ज्वारीची भाकरी, तव्यावरचं अंडं आणि गुळाचा खडा.

“अल्लानं माफ केलं, अन् तू काहून सोताला सजा देऊन राहिली?” मदीनाबी म्हणाली. “खा. मी दारात बसते.”

आणि ती खरंच दारात बसली. तिचा स्वतःचा रोजा, ओठ सुकलेले, मांडीवर तांदळाचं सूप. सून जेवेपर्यंत ती खडे वेचत राहिली आणि एकदाही मागं वळून बघितलं नाही, सुनेला लाज वाटू नये म्हणून. तरन्नुमची आई ती लहान असतानाच गेलेली. पाळीचं, पोटदुखीचं तिला आजवर कुणी आपणहून विचारलं नव्हतं. भाकरी गिळता गिळता तिला रडू फुटलं. या घरात आपलं कुणीतरी आहे, हे तिला त्या पोत्यावर बसून कळलं.

तेव्हापासून दर रमजानात ते ताट. सांगावंही लागायचं नाही. सासू चेहऱ्यावरून ओळखायची. गल्लीतल्या इतर सुना खडीसाखर चघळून दिवस काढायच्या आणि तरन्नुमचा हेवा करायच्या. झाकली मूठ सव्वा लाखाची म्हणतात. तरन्नुमपाशी तिचं झाकलेलं ताट होतं.

पण वर्षं गेली तसा त्या ताटाला दुसराच एक अर्थ चिकटला. तरन्नुमला दोनदा दिवस गेले आणि दोन्ही वेळा पोटातलं टिकलं नाही. पहिल्या खेपेला मदीनाबीनं हौसेनं गल्लीत साखर वाटली होती. दुसऱ्या खेपेला फक्त बहिणीच्या कानावर घातलं होतं, पण बहिणीच्या पोटात काही राहत नाही. नजर लागली, असं बायका म्हणाल्या. त्यानंतर काहीच नाही. मग रमजानात ते ताट मागच्या खोलीत गेलं की दोघींना कळायचं, याही साली नाही. मदीनाबीनं त्याबद्दल कधी चकार शब्द काढला नाही. फक्त त्या दिवसांत गुळाचा खडा जरा मोठा असायचा.

गेल्या थंडीत दिवस लहान होते म्हणून तरन्नुम मागल्या रमजानचे कजा रोजे उरकत होती. कुठल्या दिवशी रोजा धरायचा याचा विचार करता करता तिच्या लक्षात आलं, की पाळीला बरेच महिने झाले. तशी ती दुसऱ्या खेपेपासून बेभरवशाचीच, तरी एवढा खंड कधी पडला नव्हता. शेजारची मंजुषा सरकारी दवाखान्याची आशाताई होती, दवाखान्याच्या खाचाखोचा तिला ठाऊक. तिला सोबत घेऊन तरन्नुम हिंगोलीला गेली. सासूला सांगितलं, खोळींचं कापड बघायला चालले. नासेरलाही काही बोलली नाही. तिसऱ्यांदा त्याला उगाच आशेला लावायचं तिच्या जिवावर आलं.

डॉक्टरीणबाईंनी रक्त तपासलं, सोनोग्राफी केली, पुन्हा बोलावलं. दुसऱ्या खेपेला त्यांनी खुर्ची जवळ ओढली, तेव्हाच मंजुषानं मान खाली घातली. पाळी आता बंद झालीय, त्या म्हणाल्या. अंडाशयातली बीजं संपलीत. इतक्या लवकर सगळ्यांची संपत नाहीत, पण एखादीची संपतात. तुमची यात काही चूक नाही.

“अजून पस्तीस बी पुरी न्हाईत मला,” तरन्नुम म्हणाली. डॉक्टरीणबाईंनी दुसऱ्याच कुणाचा कागद वाचला असावा, असं तिला वाटत होतं.

त्यांनी पाण्याचा ग्लास पुढं केला. तिनं मान हलवली. रोजा होता, कजातला शेवटचा.

परतीच्या एसटीत मंजुषा म्हणाली, “नासेरभाईला सांगा, भाभी. माणूस चांगला हाय.”

“चांगला हाय म्हणूनच सांगवंना,” तरन्नुम म्हणाली, आणि खिडकीबाहेर बघत बसली. राहिलेले सगळे रोजे भरून झाले होते आणि यापुढं कधी राहणारही नव्हते. ज्या सुट्टीची तिला लाज वाटायची, ती सुट्टीच अल्लानं काढून घेतली होती. पन्नाशीतल्या बायका म्हणतात, सुटले बाई एकदाची. तरन्नुमला तसं म्हणता येईना. तिला वाटलं, आपल्याला न विचारता कुणी आपलं घर रिकामं करून गेलंय.

वर्षभर नमाजाच्या बाबतीत तिची चालढकलच असायची, त्यामुळं सासूच्या लक्षात काही आलं नाही. नासेर तर या विषयात लाजाळू. बायको पाठ फिरवून झोपली म्हणून कारण विचारणारा नव्हे. त्याच्यासमोर महिन्यातून चार दिवस कंबर धरून चाललं की भागायचं. पण रमजानात असलं सोंग निभत नाही. रमजानात बाई काय खाते आणि कधी खात नाही, यावर अख्ख्या घराचं लक्ष असतं, आणि मदीनाबीचं तर सगळ्यात आधी.

रमजान लागला. शिवारात हळद शिजत होती, तिचा उग्र वास वाऱ्याबरोबर गावात यायचा. लगीनसराई तोंडावर आलेली, नासेरला रुखवताच्या गाद्यांतून मान वर करायला फुरसत नव्हती. पहिला आठवडा गेला, दुसरा गेला. मागच्या खोलीत ताट गेलं नाही.

मदीनाबी आधी नुसतीच बघत होती. मग सहरीला तरन्नुमच्या पुढ्यात दुधाचा पेला येऊ लागला, साईसकट. मग एका सकाळी तिनं सुनेच्या कमरेवरची घागर काढून घेतली. “ठेव. मी आणते.” गुडघ्यांनी जेरीस आलेली म्हातारी, उठताना भिंत धरायची, ती घागर घेऊन नळावर निघाली. जाताना काहीतरी गुणगुणत होती. तरन्नुमला तिचा हिशेब कळला. सलग रोजे चालू आहेत, म्हणजे पाळी नाही. पाळी नाही, म्हणजे सुनेला दिवस गेलेत. म्हातारीनं सुतावरून स्वर्ग गाठला होता, आणि त्या स्वर्गातून तिला खाली ओढायचं काम तरन्नुमवर आलं होतं.

तेव्हाच सांगून टाकायला हवं होतं. पण खरं सांगायला जीभ उचलेना, आणि खोटं मात्र अगदी तयार होतं. त्याच दुपारी ती चुलीपाशी जाऊन म्हणाली, “अम्मी, आज मला रोजा न्हाई.”

मदीनाबी इफ्तारीसाठी डाळ निवडत होती. तिचा हात थांबला, मग पुन्हा चालू झाला. “बरं,” ती म्हणाली. थोड्या वेळानं तव्यावर अंडं फुटल्याचा आवाज आला.

हे असं का केलं, याचं उत्तर तरन्नुमपाशी होतं. ते ताट म्हणजे निराशाच होती, पण एका सालाची. ताट गेलं, म्हणजे पाळी येते आहे, म्हणजे पुढचं साल आहे. म्हातारीची एवढी एक फट उघडी राहावी, इतकंच तिला हवं होतं. स्वतःची तर दवाखान्यातच बंद झाली होती.

ती मागच्या खोलीत पोत्यावर बसली. झाकण काढलं. गुळाचा खडा तळहाताएवढा होता. पोटात भूक होती, नाही कशाला म्हणा, पण हात पुढं होईना. तिचा रोजा खरा होता. कारण नसताना मुद्दाम रोजा तोडला तर एकाच्या बदल्यात सलग दोन महिने रोजे ठेवावे लागतात, हे तिला पाठ होतं. पण ती भीती नव्हती. लग्न झाल्यापासून तिचा रमजान दरवर्षी मधेच तुटायचा. यंदा पहिल्यांदा तो अख्खा होणार होता. तिच्या अंगातलं सगळं गेलं होतं आणि त्याच्या बदल्यात हा एक अखंड महिना उरला होता. खोटं बोलल्यानं रोजा तुटत नाही, पण मळतो. मळलेला का होईना, तो तिला ठेवायचा होता.

मागचं दार उघडून तिनं भाकरी आणि अंडं बकरीपुढं टाकलं. गूळही टाकला. मग परत येऊन बसली आणि झाकणाचं ताट खालच्या ताटाला हळूच लावलं, दारातल्या सासूला ऐकू जाईल इतपत. गल्लीतल्या बाया त्या दिवसांत जेवून उपाशी असल्याचं सोंग करायच्या. ही एकटी उपाशी राहून जेवल्याचं सोंग करत होती. बाहेर येताना तिनं पदरानं तोंडही पुसलं.

दुसऱ्या दिवशी तेच. तिसऱ्या दिवशी तेच. मदीनाबी रोज दुपारी, सुकलेल्या तोंडानं, चुलीच्या धगीपुढं बसून सुनेसाठी ताजी भाकरी थापायची. शिळी द्यायला तिचं मन धजावत नसे. त्या भाकरीला ती स्वतः तोंड लावू शकत नव्हती, सूनही लावत नव्हती, आणि बकरी मात्र लगेच फस्त करायची. तरन्नुमला सासूच्या तोंडाकडं बघवेना. रात्री नासेर म्हणाला, तू वाळून राहिली. ती म्हणाली, ऊन वाढलंय.

बकरीनंच घात केला. तिला दुपारच्या ताटाची चटक लागली. वेळ झाली की दारावर शिंगं घासून बें बें करायची, अख्ख्या घराला ऐकू जाईल अशी.

त्या दिवशी तरन्नुमनं पोत्यावर बसून झाकण काढलं, तर ताटात भाकरी नव्हती. मटाराच्या साली होत्या, हरभऱ्याचा पाला होता आणि मूठभर डाळीची चुनी. मागून हसू दाबल्याचा आवाज आला. मदीनाबी दारात उभी होती, तोंडावर पदर, डोळे मात्र नव्या नवरीसारखे चमकत होते.

“बकरीला अंडं न्हाई पचत बाई,” ती हळूच म्हणाली. “पोट बिघडलं तिचं. म्हणलं, तिचं तिला द्यावं.”

“अम्मी...”

“गप. काई नको बोलू.” मदीनाबी जवळ आली आणि तिनं सुनेच्या डोक्यावरून हात फिरवला. “बराबर केलंस लपवलंस ते. मागच्या दोन्ही बारीला माझ्याच तोंडानं घात केला. मला बी न्हाई सांगितलंस, लई चांगलं केलंस. आता मी बी कुणाला न्हाई सांगत. पोटातलं पोटातच राहू दे.” “फक्त इतके रोजे नको ठेवू. दिवस गेलेल्या बाईला माफी हाय. जिवाला सांभाळून राह्य.”

तरन्नुमनं तोंड उघडलं, पण त्याच वेळी पडद्यापलीकडून कुणी गिऱ्हाईक अम्मीला हाक मारायला लागलं आणि म्हातारी लगबगीनं गेली. भिंत न धरता गेली.

संध्याकाळी अजान झाली. खजूर खाऊन पाणी पिताना नासेर हसत म्हणाला, “आज अम्मीनं दुकानात येऊन कापूस मागून घेतला. साधा न्हाई, एकदम मुलायम पाहिजे म्हणे. एवढीशी गादी करायची हाय, हातभर. कुणासाठी म्हणून विचारलं, तर म्हणली तुला काय करायचं.” बोलता बोलता त्यानं बायकोकडं बघितलं आणि पटकन नजर खाली वळवली. त्याचे कान लाल झाले होते. एवढ्या वर्षांत त्याचा असा चेहरा तरन्नुमनं दोनदाच पाहिला होता.

ती आगीतून निघून फुफाट्यात येऊन पडली होती. एका जिवाची आशा राखायला गेली, आणि आता दोन जीव आशेला लागले. तिसरा, तिचा स्वतःचाही, लागला असता. त्या रात्री अंथरुणावर तिनं स्वतःच्या पोटावर हात ठेवला आणि लगेच काढून घेतला.

दुसऱ्या दिवशी दुपारी मदीनाबी मागच्या अंगणात लिंबाच्या सावलीला बसली होती. मांडीवर कापूस. यंत्रातून पिंजून आलेला, तरी ती बोटांनी चाचपून त्यातला सरकीचा बारीक कण शोधत होती. तरन्नुम तिच्यासमोर जमिनीवर बसली.

“अम्मी, ती गादी नका शिवू.”

“शिवून न्हाई राहिले. आधी शिवू नये, कळतं मला. नुसता कापूस साफ करून ठेवते.”

“तो बी नका करू.” तरन्नुमनं तिचे हात धरले. “मला दिवस न्हाई गेले. माझी पाळीच बंद झाली, अम्मी. थंडीत हिंगोलीला दाखवलं मी. आता कधीच न्हाई यायची. लेकरू न्हाई होणार मला.”

मदीनाबीची बोटं कापसातच राहिली. पलीकडं दुकानात यंत्र घरघरत होतं.

“काई बी बोलून राहिली,” ती शेवटी म्हणाली. “वय काय तुझं.”

“मी बी तेच म्हणलं डॉक्टरीणबाईला.”

म्हातारी तिच्या तोंडाकडं बघत राहिली. काहीतरी जुळवत असावी, कारण मग एकदम म्हणाली, “मग ताट काहून मागितलंस?”

“तुमाला वाटावं, येऊन राहिली अजून. पुढल्या साली तरी...”

मदीनाबीनं आपले हात सोडवून घेतले. “मी रोज्याच्या तोंडानं भाकरी थापल्या,” ती म्हणाली. आवाज चढला नव्हता. “तुला झाकून खायला मी शिकवलं, ते दुनियेपासून. माझ्यापासून लपायला न्हाई शिकवलं.” ती भिंतीला धरून उठली आणि आत गेली. कापूस अंगणात तसाच पडला.

त्यानंतर ती सुनेशी बोलली नाही. सहरीला भाकरी पुढ्यात सरकवायची, पण नजर दुसरीकडं. दुधाचा पेला आला नाही. नमाजाच्या चटईवर ती सजद्यात जायची ती कितीतरी वेळ उठायचीच नाही, आणि तिची पाठ हलताना दिसायची. नासेर दोघींच्या तोंडाकडं बघून चुपचाप दुकानात निघून जायचा. तरन्नुमला वाटलं, लेकरू तर नव्हतंच नशिबात. आता आईही गेली. लहानपणी एक गेली होती, ती मरणानं. ही आपल्या हातानं घालवली. तिचे रोजे एकामागून एक पूर्ण होत होते आणि तिला त्यांची गोडी राहिली नव्हती.

चाँद दिसला. गल्लीत फटाके वाजले, पोरं ओरडत छपरांवरून उतरली. तरन्नुम शीरखुर्म्यासाठी शेवया भाजत होती. मदीनाबी येऊन तिच्याशेजारी पाटावर बसली आणि बदाम सोलायला लागली. सोलता सोलता तिनं विचारलं, “नासेरला सांगितलंस?”

“न्हाई.”

“हं,” ती म्हणाली, आणि सोललेले बदाम सुनेपुढं सरकवले.

ईदच्या सकाळी नासेर नवा कुर्ता घालून, खजूर खाऊन ईदगाहवर गेला. परत आला तो अत्तराचा वास घेऊन. त्यानं वाकून आईला मिठी मारली आणि दरवर्षी म्हणायचा तेच म्हणाला, “दुआ मागून आलो, अम्मी. यंदा लई मागितली.” दरवर्षी त्याचं वाक्य पुरं व्हायच्या आत मदीनाबीची ‘आमीन’ यायची. यंदा ती आली नाही. तिनं त्याचा हात धरून त्याला बाजेवर आपल्याजवळ बसवलं.

“एक सांगायचं हाय. सांगून होईस्तोवर हिच्याकडं बघू नको.”

तरन्नुम शीरखुर्म्याच्या वाट्या घेऊन दारात आली होती. ती तिथंच थांबली.

“ती दुआ आता मागू नको, बेटा. आपल्या घराला लेकरू न्हाई. पाळी बंद झाली हिची, कमी वयातच झाली. डॉक्टरनं सांगितलं. ह्यात हिचा कसूर न्हाई. हिला कुणी बोल लावला, तर त्याला माझ्या घरात पाणी मिळायचं न्हाई. तू लावलास, तर तुला बी न्हाई.”

नासेर आपल्या नव्या कुर्त्याच्या बाहीकडं बघत बसला. बाहीवर कापसाचा एक तंतू होता, तो त्यानं काढला, बोटांत धरला. तरन्नुमच्या हातातल्या वाट्या एकमेकींवर वाजायला लागल्या, आणि आज तिला तो आवाज थांबवता येईना.

“कवापासून माहीत हाय?” त्यानं विचारलं. मान वर केली नाही.

“थंडीपासून,” ती म्हणाली.

“दवाखान्यात कोण होतं संगं?”

“मंजुषाताई.”

“मला काहून न्हाई नेलं?” आता त्यानं तिच्याकडं बघितलं. त्याचे डोळे भरले होते. “इतके दिवस एकटीच घेऊन फिरली?”

दवाखान्यात ती रडली नव्हती, एसटीत रडली नव्हती, अंगणातही नाही. आता वाट्या खाली ठेवायचंही भान राहिलं नाही. मदीनाबी उठली, तिच्या हातातून वाट्या काढून घेतल्या आणि तिला ओढून बाजेवर बसवलं. मधे म्हातारी, एका बाजूला लेक, एका बाजूला सून. म्हातारीनं दोघांचीही डोकी आपल्या खांद्यांवर घेतली, आणि मग मात्र तिलाच राहवलं नाही. ती मोठ्यानं रडली, घरातलं माणूस गेल्यावर रडतात तशी. जे कधी आलंच नाही त्याच्यासाठी त्या घरात इतकी वर्षं कुणी रडलं नव्हतं.

बाहेर गल्लीतली लेकरं नवे कपडे घालून ईदी मागत दारोदार फिरत होती. त्यांनी दार वाजवलं, आत रडणं ऐकलं, थोडं थांबली आणि पुढच्या दारी गेली. ईदच्या दिवशी रोजा ठेवायची मनाई असते. तो दिवस खायचा आणि दुसऱ्याला खाऊ घालायचा. नासेरनं सकाळी खजूर खाल्ला होता तेवढाच. दुपार टळून गेली तरी त्या घरात कुणी काही खाल्लं नाही.